मामाला जरा बरं नाही

आमच्या मलावीत माणूस मेला की मग तो आजारी पडतो. ऐकायला उलटं वाटेल, पण रीत तीच आहे. लांब असलेल्या नातलगाला ‘गेला’ असं कुणी तोंडाने सांगत नाही. ‘जरा बरं नाही, येऊन जा’ एवढंच कळवायचं. ऐकणारा वाटेत कोसळू नये, त्याचे पाय घरापर्यंत चालावेत, म्हणून ही सोय. घरी पोचलं, अंगणात बायका जमिनीवर बसलेल्या दिसल्या, की ज्याचं त्याला कळतं. ही रीत बरी की वाईट ते मला विचारू नका. आमच्या आईबापांनी हेच केलं, आम्हीही हेच करतो.

आमच्या एनिफाला तर ही रीत लहानपणीच कळली होती. ती निवासी शाळेत होती तेव्हा हेडमास्तरीणबाईंनी तिला बोलावून चहा दिला आणि वडिलांना जरा बरं नाही म्हणाल्या. एनिफा खुशाल बसमध्ये चढली. शेजारी गावातलीच एक बाई होती. तिने नेसलेल्या चितेंजेवर, म्हणजे लुंगीसारख्या छापील कापडावर, कमरेला आणखी एक चितेंजे घट्ट बांधलं होतं. आमच्या बायका असं दुसरं चितेंजे कमरेला बांधतात ते मयताला जाताना. पोरीने ते पाहिलं आणि उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

त्यानंतर तिला वाढवलं ते फॅक्सनमामाने. आमच्याकडे तसाही भाचरांवर बापापेक्षा मामाचा हक्क मोठा. मामा राहायचा बायकोच्या गावी, ओढ्यापलीकडे, पण दिवस उजाडायच्या आत सायकल घेऊन बहिणीच्या दारात हजर. त्याची बायको म्हणायची, अंथरूणही तिकडेच घेऊन जा ना, इथे काय कोंबड्या राखायला येता का? मामा हसायचा आणि पेडल मारायचा. सायकलवर माणसं आणि पोती वाहणं हाच त्याचा धंदा. म्पोनेलाच्या बाजारात त्याची घंटी लोक लांबून ओळखायचे.

नेटबॉल म्हणजे आमच्या पोरींचा जीव. पोरगी पाण्याची घागर डोक्यावर धरायला शिकते त्याच सुमाराला चेंडू झेलायलाही शिकते. एनिफा वाढली ती उंचच उंच, हात गुडघ्यापर्यंत. मामाने मोडक्या सायकलच्या चाकाची धाव काढली, आरे उपटून टाकले आणि ती निलगिरीच्या खांबावर ठोकली. प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळून, वर दोरी बांधून चेंडू केला. मग स्वतः रिंगखाली उभा राहून तो चेंडू टाकायचा आणि एनिफाने अडवायचं. खेळाचे नियम त्याला कधीच पटले नाहीत. हातात आलेली वस्तू घेऊन पळायचं नाही, मग ती हातात येऊन उपयोग काय, असं तो पंचांना तोंडावर विचारायचा. पण नियमाप्रमाणे तीन फूट लांब राहून अडवायचं कसं ते त्याने तिला बरोबर सांगितलं होतं. हात वर, आणि नजर समोरचीच्या पोटावर. तोंड खोटं बोलतं, पोट बोलत नाही. एनिफाने चेंडू हिसकावला की मैदानाच्या कडेला तो सायकलची घंटी वाजवत सुटायचा. पलीकडच्या संघाच्या पोरी वैतागायच्या, एनिफाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण मामाची घंटी काही थांबायची नाही.

अशी ती पोरगी एकवीस वर्षांखालच्या पोरींच्या देशाच्या संघात आली आणि जागतिक स्पर्धेसाठी बोत्स्वानात, गॅबरोनला जाऊन पोचली. स्पर्धेला अजून अवकाश होता. थंडीची सवय व्हावी म्हणून संघ लवकर गेला होता, आणि थंडी होतीही तशीच, कोरडी, ओठ फुटणारी. सुट्टीमुळे रिकाम्या पडलेल्या एका शाळेच्या वसतिगृहात सगळ्यांना उतरवलं होतं. प्रशिक्षक कुमवेंडा मॅडम, शब्दाला कडक. पोरींचं खाणंपिणं, कपडे, दुखणीखुपणी बघायला माई न्यासुलू. माईंनी घरून मक्याचं पीठ आणि सुकी मासळी पोत्याने आणली होती, कारण परक्याच्या हातच्या न्सिमेवर, मक्याच्या त्या घट्ट उकडीवर, पोरींचं पोट भरत नाही असं त्यांचं ठाम मत. मासळीच्या वासाने वसतिगृहाची रखवालदारीण म्मा केसेगो पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावून फिरली आणि दुसऱ्या दिवशी वाडगा घेऊन आली.

पहिले दिवस मजेत गेले. सराव, गाणी, पुन्हा सराव. आमच्या पोरी बसमध्ये बसल्या की गायला लागतात, त्यांना कुणी सांगावं लागत नाही. मग एके दिवशी दुपारी माईंच्या फोनवर एनिफाच्या आईचा फोन आला. तिथला नंबर संघात तेवढा माईंकडेच होता. आवाज तुटत होता. फॅक्सनला जरा बरं नाही, म्पोनेलाच्या दवाखान्यात आहे, जमलं तर एनिफाने फोन करावा म्हणतोय, एवढं आई बोलली आणि फोन कट झाला.

माईंनी फोन खाली ठेवला आणि त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी शेगडीवरची न्सिमा उतरवली, हात धुतले, आणि एनिफाला आत बोलावून आधी चहा दिला. दोन चमचे साखर जास्त. शेजारी बसल्या, तिचा हात हातात घेतला, आणि मग कुठे सांगितलं की आईचा फोन होता, मामाला जरा बरं नाही.

एनिफाने कपाकडे पाहिलं. माईंच्या हाताकडे पाहिलं. तिला शाळेतला तो चहा आठवला आणि पुढचं काही ऐकायची गरज उरली नाही.

फोन करायचाय का, असं माईंनी विचारलं. नंतर करेन, म्हणाली. आता हे ‘नंतर’ कशासाठी, ते दोघींनाही ठाऊक होतं. फोन केला तर आईला बोलावं लागणार. बोलली तर ती रडणार. ती रडली की गोष्ट उघड झाली. मग मामाची सख्खी भाची परदेशात चेंडू खेळतेय आणि मामा मातीत जातोय, हे कुठल्याही मलावी माणसाला खपलं नसतं. मॅडमनी स्वतः तिला विमानात बसवून दिलं असतं. पण जोवर कुणी ‘गेला’ म्हणत नाही, तोवर मामा नुसता आजारी. आणि आजारी मामासाठी स्पर्धा सोडून कुणी जात नाही. मामाला तिला या स्पर्धेत खेळताना पाहायचं होतं, बाजारभर तो तेच सांगत हिंडला होता. एनिफाने मनाशी ठरवलं, आपण खेळायचं. त्यासाठी एकच करायचं होतं, फोन करायचा नाही.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. कुणी काही विचारलं नाही. जेवणं झाल्यावर एकेक पोरगी तिच्या खोलीत आली आणि जमिनीवर बसली. पाठ भिंतीला, पाय लांब, गप्प. मयताच्या घरी बसतात तशाच. दोघीतिघी डोळे पुसत होत्या. त्यांनी फॅक्सनमामाला कधी पाहिलंही नव्हतं, पण रडायला ओळख लागतेच असं नाही. रडत नव्हती ती एनिफा. तिला काही वाटतच नव्हतं. छातीत दुखेल, घसा दाटेल, म्हणून ती वाट बघत बसली. काही झालं नाही. ज्या माणसाने आपल्याला वाढवलं त्याच्यासाठी आपल्याला टिपूस येऊ नये, याची तिला लाज वाटली, आणि मग ती लाजही कुठे गेली कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बसमधलं गाणं बंद झालं. मॅडमनी कारण विचारलं नाही. त्या एनिफाला आता ओरडत नव्हत्या, यावरूनच त्यांना माहीत आहे हे कळत होतं. आणि गंमत बघा, पोरगी इतकी चांगली कधी खेळली नव्हती. हात वर, नजर समोरचीच्या पोटावर. ती पुढे काय करणार ते एनिफाला आधीच दिसायचं. चेंडू यायचा, हातात बसायचा, ती तो देऊन टाकायची. कुणी पाठ थोपटली तर ती थाप दुसऱ्याच कुणाच्या पाठीवर पडल्यासारखी वाटायची. यजमानांच्या संघाबरोबर सरावाचा सामना झाला. त्यांच्या गोल शूटरला तिने जेरीस आणलं. सामना संपल्यावर ती पोरगी मिठी मारायला आली तेव्हा आता हात खाली घ्यायचे असतात, याची एनिफाला आठवण करून द्यावी लागली.

जेवायला वाढलं ते खायची. झोप म्हटलं की झोपायची. माई रोज एकदा फोन पुढे करायच्या आणि ती रोज नंतर म्हणायची. खरं सांगायचं तर माईंनाही सुटल्यासारखंच व्हायचं.

म्मा केसेगोला मात्र राहवेना. पोरींची गाणी का थांबली, असं तिने स्वयंपाकघरात येऊन माईंना विचारलं. माईंनी आवाज खाली आणून सांगितलं की त्या उंच पोरीचा मामा वारला.

“अरेरे. कधी कळलं?”

“कळवलं नाही अजून. दवाखान्यात आजारी आहे, पोरीने फोन करावा, म्हणून निरोप आलाय.”

म्मा केसेगो पातेलं पुसता पुसता थांबली. “आजारी आहे म्हणाले ना? मग आजारी असेल.”

माई तिच्याकडे कीव आल्यासारख्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुमच्याकडे असेल तसं, बाई.”

“आणि पोरीने फोन करावा असं कुणी सांगितलं?”

“तोच म्हणतोय म्हणे.” आणि माईंनी असे डोळे मिटले, की मेलेल्या माणसाच्या तोंडी लोक काहीही घालतात, त्याला कोण काय करणार.

एनिफा तिथेच दाराशी कांदे सोलत होती. तिने सगळं ऐकलं. क्षणभर तिचा हात थांबला. ‘मग आजारी असेल.’ इतकं साधं कुणी कसं बोलू शकतं, याचं तिला नवल वाटलं. फोन माईंच्या कमरेला, तिच्यापासून हातभर अंतरावर होता. काखेत कळसा म्हणतात तो हाच. पण आपल्या हाताने ते झाकण उघडायचं आणि आत तेच निघालं तर? मग ना मामा, ना स्पर्धा. तिने पुढचा कांदा घेतला. डोळ्यांतून पाणी आलं ते कांद्याचं होतं, आणि तेही तिला बरं वाटलं.

रात्री खोलीत ती म्हणाली की ह्या देशातली माणसं भोळी आहेत. पोरींनी माना हलवल्या.

स्पर्धा उद्यावर आली. दुपारच्या सरावाला निघायची वेळ, पोरी अंगात आपापल्या जागेची अक्षरं छातीवर असलेली जाळीदार बंडी चढवत होत्या, आणि फाटकाशी गलका झाला. आमच्या समर्थकांचा एक जत्था मजल दरमजल करत बसने येऊन पोचला होता. त्यात सगळ्यांच्या पुढे फालेसी मावशी. म्पोनेलाच्या बाजारात जुने कपडे विकणारी, जिभेला हाड नसलेली बाई. रखवालदारणीला तिने आल्या आल्या एक स्वेटर विकायला काढला होता. तेवढ्यात तिला एनिफा दिसली.

“काय गं ए लांबडे, इथे येऊन एवढी मोठी झालीस होय? मामाला एक फोन करवत नाही तुला?”

अंगणातल्या सगळ्या पोरी जागच्या जागी उभ्या राहिल्या. माई हातातली पाण्याची बाटली तशीच धरून दारात आल्या. मावशीचा पट्टा आणखी सुटला. तो माणूस खाटेवर पडून साऱ्या दवाखान्याचा जीव खातोय. नर्स आली की विचारतो, माझ्या भाचीचा फोन आला का. जेवण घेऊन बहीण आली की विचारतो, फोन आला का. पोटात काय झालंय ते डॉक्टरलाही नीट सांगता येत नाही, पण तोंड शाबूत आहे मेल्याचं. निघायच्या दिवशी सकाळी मावशी त्याला भेटायला गेली तर त्याने बहिणीला घरी पिटाळून सायकलची घंटी सोडवून आणायला लावली. म्हणाला, मी येऊ शकत नाही तर तू वाजव तिथे, पोरीला कळेल.

मावशीने पिशवीत हात घालून एक गुंडाळलेलं चितेंजे काढलं, ते उलगडलं आणि आतली घंटी एनिफाच्या हातात दिली. एका बाजूचा रंग उडालेला, अंगठा लागून लागून खटका गुळगुळीत झालेला.

“मावशी,” एनिफा म्हणाली. “तू निघालीस तेव्हा तो बोलत होता?”

“बोलत होता? मला शिव्या देत होता, बस चुकवशील म्हणून.”

माईंनी न विचारताच फोन काढला. नंबर एनिफानेच लावला. इतके दिवस जे कुठेच जाणवत नव्हतं ते आता एकदम आलं. मामा आहे. मामा होता, इतके दिवस होता, आणि आपण त्याला त्या खोलीत जमिनीवर बसून पुरून टाकलं. तिला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. फोन वाजत होता. मामा काय बोलेल ते तिला पाठ होतं. आधी शिव्या देईल, मग विचारेल तिकडच्या पोरी उंच आहेत का.

फोन आईने उचलला.

“आई, मी एनिफा. मामाला दे.”

आईच्या मागे बायकांचा आवाज येत होता. पुष्कळ बायका, एका सुरात, हळू, चर्चमधलं गाणं गात होत्या. आणि तो रविवार नव्हता.

“एनिफा, बाळा,” आई म्हणाली. आवाज अगदी सरळ होता, कुणीतरी हाताने धरून ठेवल्यासारखा. “मामाला जरा बरं नाही. खेळ झाला की घरी येऊन जा.”

एनिफाने घंटीवरचा अंगठा बाजूला घेतला.

“बरं आई,” ती म्हणाली. “त्याची काळजी घे. आणि मामाला सांग, मी फोन केला होता.”

“सांगते,” आई म्हणाली.

तिने फोन माईंना परत दिला. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. फालेसी मावशी अजून तशीच कमरेवर हात ठेवून उभी होती, भांडायच्या तयारीत. काय म्हणाला, असं तिने विचारलं.

“झोपलाय,” एनिफा म्हणाली. “जरा बरं नाही म्हणे.”

मावशीचे हात कमरेवरून खाली आले. घंटी ज्यात गुंडाळून आणली होती ते चितेंजे तिने झटकलं आणि नेसलेल्यावरून कमरेला घट्ट बांधलं. माई दाराच्या उंबऱ्यावर बसल्या ते बसल्याच. पोरींपैकी कुणी रडलं नाही, त्यांचं रडून आधीच झालं होतं. एनिफालाही पुन्हा काही वाटेनासं झालं. मघाशी जे आलं होतं ते आलं तसं निघून गेलं होतं.

मॅडमनी बसमधून हाक मारली. एनिफाने घंटी वाजू नये म्हणून मुठीत गच्च धरली आणि बसमध्ये जाऊन बसली.